येसूबाईंचा शिक्का

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. वेळेअभावी सभेत जे राहून गेलं, ते एकदोन ठिकाणी घातलं आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. हप्ते, थकबाकी, ऑडिट यावर मी आज एक शब्द बोलणार नाही, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांनी डोकं वर काढायला हरकत नाही. आज मी एका राणीची गोष्ट सांगणार आहे. खरी गोष्ट. आणि ती आपल्याच तालुक्यातली आहे.

झालं असं, की 'छावा' सिनेमा आला तेव्हा आपल्या खूप जणींनी तो बघितला. कोणी रत्नागिरीला जाऊन, कोणी मुलांच्या मोबाईलवर. त्यानंतर एका गटाच्या बैठकीला मी गेले होते. वसुली झाली, प्रोसिडिंग लिहून झालं, चहा आला. तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मॅडम, संभाजीराजांचं कळलं हो. पण ती येसूबाई? तिचं पुढं काय झालं?" कोणालाच सांगता येईना. मलाही नीट येईना. समाजकार्याची पदवी घेतली, पण संगमेश्वर तालुक्यात काम करून शृंगारपूरच्या लेकीचं पुढे काय झालं ते मला माहीत नव्हतं. लाज वाटली. मग वाचायला घेतलं.

तर शृंगारपूर. नायरीच्या पुढे, प्रचितगडाच्या पायथ्याशी. तुमच्यातल्या दोघीतिघींचं माहेरच तिकडचं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथे सुर्व्यांचं राज्य होतं आणि पिलाजीराव शिर्के त्यांचे कारभारी होते. शिवाजी महाराजांनी १६६१ साली शृंगारपूर घेतलं, सुर्वे पळाले, आणि पिलाजीराव महाराजांना येऊन मिळाले. नुसतं मिळून भागत नाही, नातं जोडावं लागतं. मग सोयरीक झाली, तीही दुहेरी. महाराजांची मुलगी राजकुंवरबाई शिर्क्यांच्या गणोजीला दिली आणि शिर्क्यांची मुलगी भोसल्यांच्या घरात संभाजीराजांना केली. आपण ज्याला साटंलोटं म्हणतो, अगदी तेच. मुलीचं माहेरचं नाव जिऊबाई असं सांगतात. सासरी आल्यावर ती येसूबाई झाली. लग्नाच्या वेळी नवरा-नवरी दोघं लहान पोरं होती.

साटंलोटं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. एका घरात भावजय रडली की दुसऱ्या घरात नणंद रडते. इकडे वाद झाला की तिकडच्या सुनेला टोमणे. येसूबाईंच्या बाबतीत तर इकडे स्वराज्य आणि तिकडे वतन होतं. शिर्क्यांना देशमुखीचं वतन हवं होतं. शिवाजी महाराजांना वतनं द्यायची पद्धतच मोडायची होती, आणि पुढे संभाजीराजांनीही ती गाठ सैल केली नाही. हा वाद येसूबाईंच्या अख्ख्या संसारात धुमसत राहिला. तो मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही विचाराल, अशा लग्नात प्रेम कुठे आलं? राजकारणासाठी जुळवलेलं, लहानपणी उरकलेलं. मलाही हाच प्रश्न पडला होता. (मला तर प्रत्येक वाडीवर "मॅडम, तुमचं कधी?" असं विचारतात, त्यामुळे हा प्रश्न मी जरा जास्तच मन लावून वाचला.) त्यांची एकमेकांना लिहिलेली पत्रं कुठे माझ्या वाचनात आली नाहीत. सिनेमातली गाणी त्यांची नाहीत, ती आत्ताच्या लोकांनी लिहिली. पण एक गोष्ट आहे. शिक्का. येसूबाईंच्या नावाचा, राजमुद्रा म्हणतात तसा शिक्का. त्यावर अक्षरं होती, 'श्री सखी राज्ञी जयति'.

राज्ञी म्हणजे राणी. जयति म्हणजे विजयी होते. आणि त्याआधी काय आहे? सखी. मैत्रीण. सरकारी कागदावर उमटणाऱ्या शिक्क्यात बायकोला सखी म्हटलं आहे. आणि तो शिक्का कपाटात ठेवायचा नव्हता. संभाजीराजांनी येसूबाईंना कुलमुखत्यार केलं होतं. हा शब्द तुम्ही ऐकलाय. तहसीलच्या बाहेर टायपिंगवाले बसतात, त्यांच्याकडे 'कुलमुखत्यारपत्र' करून मिळतं. तोच शब्द. माझ्या मागे माझ्या वतीने निर्णय घेण्याचा, सही करण्याचा सगळा अधिकार तुझा, असा त्याचा अर्थ.

हे कसं जुळून आलं, ते थोडं मागे जाऊन बघू. कारण त्या घरात सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं असं अजिबात नाही.

शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर गेले तेव्हा संभाजीराजांना शृंगारपुरात ठेवलं होतं. म्हणजे जावई सासुरवाडीच्या गावात. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ त्यांनी तिथल्या दिवसांत लिहिला असं मानतात. येसूबाईंची मुलगी भवानीबाई हीसुद्धा शृंगारपूरचीच. ते दिवस बरे गेले असावेत, असं मला आपलं वाटतं. पण रायगडावर सावत्र सासू सोयराबाई, त्यांचा मुलगा राजाराम, आणि जुने मंत्री, यांच्यात संभाजीराजांविषयी कुरबुरी चालूच होत्या. गादी कोणाची, हा प्रश्न होता. शेवटी डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे उठून थेट मोगलांच्या दिलेरखानाकडे गेले. स्वराज्याचा युवराज शत्रूच्या छावणीत! वर्षभराने ते परत आले. त्यांची दुसरी राणी दुर्गाबाई मात्र मोगलांच्या कैदेत अडकली, तिच्यावर कोणी सिनेमा काढत नाही. आणि येसूबाई? ज्या बाईचा नवरा असा निघून जातो, तिला गावात कोणत्या नजरेने बघतात, ते या मांडवात बसलेल्या काही जणींना ठाऊक आहे. राजवाड्यातली नजर काही वेगळी नसते.

३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. रायगडावर सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो वगैरे मंत्र्यांनी घाईघाईने दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवलं. संभाजीराजांना पकडण्याचा बेत होता. तो फसला, कारण सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरसेनापती हंबीरराव मोहिते, भाच्याऐवजी संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. संभाजीराजे रायगडावर आले, जानेवारी १६८१ मध्ये राज्याभिषेक झाला. तरी पुन्हा कट झाला, मंत्र्यांना मृत्युदंड झाला, सोयराबाईही त्याच वर्षी वारल्या. आणि राजाराम, ज्याला पुढे करून हे सगळं झालं, तो अकरा वर्षांचा पोरका मुलगा रायगडावरच, येसूबाई राणी होती त्याच घरात, वाढला.

इथे जरा थांबा. मनात धरा, तुमच्या नवऱ्याचा हक्क मारायला ज्या मुलाला पुढे केलं, तो मुलगा आता तुमच्या घरात आहे. ताटात काय वाढलं गेलं हे कुठल्या कागदात नाही. पण पुढे काही वर्षांनी जे झालं त्यावरून मी अंदाज बांधते, की ताटात भेद झाला नसावा.

संभाजीराजांची कारकीर्द नऊ वर्षांची. औरंगजेब स्वतः फौज घेऊन दक्षिणेत उतरला होता. मोगल, सिद्दी, पोर्तुगीज, सगळ्यांशी एकाच वेळी लढाई. म्हणजे नवरा घरी किती? आपल्याकडे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला तरी येतो. मागे घर कोण सांभाळतं? आपणच. शेत आपण, सासू-सासऱ्यांचं औषध आपण, पोरांची शाळा आपण. येसूबाईंनीही तेच केलं, फक्त त्यांचं घर म्हणजे रायगड. पण एक फरक होता, आणि तो मला फार मोठा वाटतो. त्यांच्याकडे शिक्का होता.

आपल्या एका गटातली गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. त्या ताई गटाच्या सचिव आहेत. बँकेत त्यांच्या सहीने पैसे निघतात. बारा बायकांचा व्यवहार त्यांच्या सहीवर चालतो, आणि गेल्या काही वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने त्यांच्या घराचे पत्रे उडाले. पंचनामा झाला. भरपाईच्या अर्जावर सही कोणाची? घर नवऱ्याच्या नावावर. नवरा मुंबईला, त्याला रजा नाही. फोनवर म्हणाला, "मी भावाला मुखत्यारपत्र करून दिलंय, त्याच्याकडनं घे." भावाशी यांचं बोलणं नाही. ताई पंधरा दिवस फेऱ्या मारत होत्या, घरात ताडपत्री बांधून. मी सोबत दोनदा गेले. तिसऱ्यांदा त्या मला म्हणाल्या, "मॅडम, बारा बायका माझ्यावर विश्वास ठेवतात, आणि माझा माणूस ठेवत नाय." मग म्हणाल्या, "तसा तो चांगला आहे हो. मारत नाय, पीत नाय. पैसे पाठवतो."

माणूस चांगला आहे, हे मलाही पटतं. पण त्या दिवशी परत येताना एसटीत मला तो शिक्का आठवत होता. संभाजीराजांनी ज्या बाईला शिक्का दिला, तिचं माहेर वतनासाठी भांडत होतं. १६८८ मध्ये तर शिर्के उघड बंड करून उठले आणि संभाजीराजांना स्वतः त्यांच्यावर चालून यावं लागलं. आपल्याकडे माहेरचा एक बांध कोरला गेला तरी सुनेला ऐकवतात, "तुझ्या भावाने केलं." इथे भावाने तलवार उपसली होती. तरी तिचा अधिकार तिच्याकडेच राहिला. हे मी कशावरून म्हणते? पुढच्या काही महिन्यांत रायगडावर जे घडलं त्यावरून.

१ फेब्रुवारी १६८९. संगमेश्वर, कसबा. आपण बाजाराला जातो तिथून पुढे. मुकर्रबखानाच्या फौजेने संभाजीराजांना तिथे पकडलं. कोणी फितुरी केली यावर लोक खूप बोलतात. गणोजी शिर्क्यांचं नाव घेतात, सिनेमातही दाखवलं, त्यावर शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेपही घेतला. पक्का पुरावा माझ्या वाचनात आला नाही, म्हणून मी ते नाव पुढे ढकलणार नाही. आपल्याकडे एखादी गोष्ट तीन वाड्या फिरली की ती खरी होते, आणि तिचा त्रास कोणाला होतो ते आपण बघतोच. मला दुसरंच डोक्यात बसलं. कसबा आणि शृंगारपूर दोन्ही एकाच खोऱ्यातली गावं. येसूबाईंचं माहेर आणि त्यांच्या नशिबाचा घाव, दोन्ही एका मातीत.

बातमी रायगडावर गेली. आता काय करायचं?

राजा शत्रूच्या हातात. जिवंत आहे. सुटेल की नाही माहीत नाही. मोगल फौज रायगडाकडे निघणार हे नक्की. गडावर येसूबाई, त्यांचा मुलगा शाहू, वय सातव्या वर्षात. आणि राजाराम, वय एकोणीस. गादी रिकामी ठेवता येत नाही, कारण राजा नाही म्हटल्यावर किल्लेदार एकेक करून शत्रूला जाऊन मिळतात. मग बसवायचं कोणाला?

हक्काने बघितलं तर शाहूला. राजाचा मुलगा. आणि आई रायगडावर, शिक्का आईकडे. मुलाच्या नावाने आईने राज्य चालवलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. नऊ वर्षांपूर्वी सोयराबाईंनी दुसरं काय केलं होतं?

येसूबाईंनी राजारामाला बसवलं.

मी ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा एक आज्जी पटकन म्हणाल्या, "स्वतःच्या पोराला सोडून दिराला? येडी का काय!" सगळ्या हसल्या. पण मग त्यांच्याच शेजारच्या ताई म्हणाल्या, "नाय आज्जी. सात वर्षांचं पोर गादीवर बसवलं तर राज्य करतो कोण? पोराचा मालक व्हायला दहा जण येतात." मला वाटतं या ताईंनी येसूबाईंचं मन बरोबर ओळखलं. लढाईच्या काळात फौजेला पुढे होऊन चालणारा राजा लागतो. सात वर्षांचा मुलगा राजा झाला की तो राजा राहत नाही, ओढाताणीची वस्तू होतो. हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दहा वर्षांच्या राजारामाचं तेच झालं होतं.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला वाचताना आधी लक्षातच आली नाही. राजाराम गादीवर बसला तो फेब्रुवारीत. संभाजीराजांना औरंगजेबाने मारलं ११ मार्चला. म्हणजे हा निर्णय झाला तेव्हा येसूबाईंचा नवरा जिवंत होता. कपाळावर कुंकू होतं. दुसऱ्याला गादीवर बसवायचं म्हणजे सगळ्यांसमोर मान्य करायचं की आपला माणूस परत येणार नाही. कुठलीही बायको आणखी दोन दिवस थांबली असती. देवाला कौल लावला असता. कोणाला तरी पाठवून बघितलं असतं. त्यांना तेवढा वेळ नव्हता.

मार्चच्या अखेरीस रायगडाला वेढा पडला. बखरीत येतं, की गडावर मसलत बसली तेव्हा येसूबाईंनीच सांगितलं, सगळ्यांनी एका गडावर अडकून पडायचं नाही. राजारामाने बाहेर पडावं, फिरत राहावं, फौजा जमवाव्यात. मी मुलाला घेऊन इथे राहते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे आपण बचतीच्या प्रशिक्षणात शिकवतो, पण टोपली म्हणजे स्वतः आणि स्वतःचं पोर असलं तर? एप्रिलच्या सुरुवातीला राजाराम गडावरून निसटले. प्रतापगड, पन्हाळा, आणि मग वेषांतर करून थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला. वाटेत बेदनूरच्या चन्नम्मा राणीने त्यांना मदत केली, म्हणून औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला. एका राणीने घराबाहेर पाठवलं, दुसरीने वाटेत सांभाळलं. जिंजीहून राज्य चाललं, लढाई चालली, औरंगजेबाला शेवटपर्यंत मराठे संपवता आले नाहीत. राजाराम त्या दिवशी गडावर थांबला असता तर १६८९ मध्येच कारभार आटोपला असता.

रायगड नोव्हेंबरपर्यंत लढला. सात महिने. पावसाळा मधे गेला. मग बोलणी करून गड मोगलांना दिला, आणि येसूबाई व शाहू कैदेत गेले.

सिनेमावाले इथवर येत नाहीत. काकूंचा प्रश्न इथून सुरू होतो.

कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हती. औरंगजेबाची छावणी म्हणजे चालतं शहर होतं, ती महाराष्ट्रभर फिरायची, आणि तिच्याबरोबर तंबूत हे मायलेक. शाहूला बादशहाने मनसब दिली, राजा म्हटलं, पण बाहेर पडायची मुभा नाही. बादशहाची मुलगी झीनतउन्निसा हिने या दोघांवर माया केली. शत्रूच्या घरातली एक बाई. शाहूला मुसलमान करायचं बादशहाच्या मनात आलं तेव्हा प्रतापराव गुजरांच्या मुलांनी त्याच्याऐवजी धर्म बदलला आणि शाहूवरचं संकट टळलं. मुलगा तिथे सातचा पंचवीस वर्षांचा झाला. त्याच्यावर स्वराज्याचे संस्कार करायचे, तेही शत्रूच्या पहाऱ्यात, आणि जास्त बोललं तर जिवावर बेतणार. आपल्याला मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेता येत नाही. त्यांनी हे कसं केलं असेल?

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. त्याच्या मुलाने, आझमशहाने, शाहूला सोडलं. पण एकट्याला. येसूबाईंना आणि शाहूच्या बायकोला ठेवून घेतलं, ओलीस. मुलगा बाहेर जाऊन नीट वागला तर आई सुखरूप. आपल्या भाषेत सांगायचं तर मुलाला जामीन कोण? आई.

जामीन राहणं काय असतं हे आपल्याइतकं कोणाला कळणार? गटात एकीचा हप्ता थकला की दहा जणींची झोप जाते. येसूबाई जामीन राहिल्या त्या बारा वर्षं. दिल्लीत. मुलगा साताऱ्यात छत्रपती झाला, १७०८ च्या जानेवारीत, आणि आई तो सोहळा बघायला नव्हती. त्याच वेळी इकडे काय चाललं होतं? राजारामाच्या राणी ताराबाई, ज्यांनी नवरा गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली, त्या शाहूला राजा मानायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, राज्य आम्ही लढून राखलं, आता आयतं का द्यायचं? खरं सांगू, ताराबाईंचंही मला अगदीच चुकीचं वाटत नाही. पण येसूबाईंनी १६८९ ला जी फूट टाळली, ती १७०७ ला पडलीच. सातारा वेगळा, कोल्हापूर वेगळं. दिल्लीत ही बातमी त्यांना कधी, कोणाकडून कळली असेल?

मग बाळाजी विश्वनाथ पेशवे मराठी फौज घेऊन दिल्लीला गेले. तिथे सय्यद बंधूंनी बादशहाच बदलला. त्या धामधुमीत मराठ्यांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, आणि येसूबाई सुटल्या. १७१९ च्या जुलैत त्या साताऱ्याला पोहोचल्या. रायगड सोडल्याला तीस वर्षांना थोडेच महिने कमी. तरुण बाई गेली होती, म्हातारी परत आली. मुलगा सदतीस वर्षांचा. साताऱ्याजवळ कृष्णाकाठी संगम माहुलीला त्यांची समाधी दाखवतात. साताऱ्याकडे कोणाची लेक दिली असेल तर जाताना उतरून बघा.

ही झाली काकूंच्या प्रश्नाची गोष्ट. त्या ताईंचं पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर चहाच्या वेळी तुम्ही मला धराल. भरपाई उशिरा का होईना, दिराच्या सहीने मिळाली. पत्रे बसले. गणपतीला नवरा आला तेव्हा ताईंनी त्याला ग्रामपंचायतीत नेलं, घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावायचा अर्ज केला. त्यावर तो म्हणाला, "एवढा विश्वास नाय काय माझ्यावर?" ताई म्हणाल्या, "मी हेच तुम्हाला विचारतेय." अर्ज दिलाय. अजून नाव लागलेलं नाही. मी पाठपुरावा करतेय.

तर माझं एक काम आहे तुमच्याकडे. पुढच्या मासिक बैठकीला येताना गटाच्या पासबुकाबरोबर आपल्या घराचा उतारा घेऊन या. सापडत नसेल तर ग्रामपंचायतीत मागा, नक्कल देणं त्यांचं काम आहे. कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही, ते सगळ्या मिळून वाचू. शेत असेल तर सातबारासुद्धा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी मी बसेन. अर्जाचा नमुना मी आणते, फोटो लागेल दोघांचा, तो घरून आणा. आणि पावसाळ्याच्या आधी एक दिवस शृंगारपूरला जाऊ या. नायरीपर्यंत एसटी आहे, पुढचं टेम्पोवाल्याशी बोलून ठेवते. डबे आपापले.

मला वाटतं भाकऱ्या गार होतायत. मी बसते.